भांडणाचं घर

आमच्या घरात भांडण असं कधी झालंच नाही, हे आधीच सांगून ठेवते. पुढचं सगळं हे लक्षात ठेवून वाचा. आम्ही फक्त बोलायचो.

ते बोलणं आम्ही कब्बनपेटेत शिकलो. तिथल्या आमच्या घराखाली चार यंत्रमाग, डाव्या भिंतीपलीकडे सहा, आणि उजवीकडे किती ते त्या मालकालाही धड ठाऊक नसावं. सकाळी सातला सगळे एकदम सुरू व्हायचे ते दिवेलागणीपर्यंत. वाटीतली आमटी थरथरायची. अशा घरात आईला मीठ मागायचं तर ते मिळेल इतक्या आवाजात मागावं लागे. आमचे आबा, प्रतापराव शिंदे, एका कापडगिरणीत विणकाम खात्याचे मेस्त्री होते, आणि तिथं तर तीनशे माग. त्यांनी घरी येऊन "वाढा" म्हटलं की गल्लीतल्या चार घरांत पानं मांडली जायची, असं माझा भाऊ व्यंकोजी सांगतो. व्यंकोजीअण्णाला वाढवून सांगायची सवय आहे, पण दोन घरांत तरी मांडली जात असतील.

साठ साली आबा निवृत्त झाले आणि जयनगरच्या नव्या वसाहतीत, सरकारी ट्रस्टकडून मिळालेल्या साइटवर, म्हणजे प्लॉटवर, घर बांधून आम्ही तिकडं राहायला गेलो. आबा, आई, आबांची थोरली विधवा बहीण म्हणजे आमची सगुणाबाई आत्या, अण्णा आणि मी. जयनगर तेव्हा बरंचसं मोकळंच होतं. रुंद रस्ते, बांबूच्या कुंपणातली लहान लहान झाडं, आणि चार साइटी सोडून एक घर. शांतता इतकी की पहिले आठ दिवस आम्हाला चुकल्याचुकल्यासारखं वाटत होतं. आत्या तर दर थोड्या वेळानं बाहेर येऊन बघायची, काही झालंय का म्हणून.

आमच्या कंपाऊंडला लागून केशवमूर्तींचं घर. ते निवृत्त मुख्याध्यापक, त्यांच्या पत्नी लीलावतम्मा, दोघंच राहायचे. ही माणसं बोलत कशी होती हे आमच्यासाठी कोडंच होतं. ओठ हलायचे, पण आवाज म्हणून काही यायचा नाही. आत्या मिरच्या वाळत घालायच्या निमित्तानं भिंतीपाशी अर्धा अर्धा तास उभी राहिली, पण एक शब्द तिच्या हाती लागला नाही. शेवटी तिनं निकाल दिला की लपवण्यासारखं काही असल्याशिवाय कोणी घरच्या घरात इतकं हळू बोलत नाही. आत्याला सगळ्याचं कारण ठाऊक असतं.

दुपारची जेवणं झाली की आई मागच्या पायरीवर आणि आत्या पुढच्या व्हरांड्यात बसायची, आणि दोघींच्या गप्पा सुरू व्हायच्या. मधे अख्खं घर. त्या सुरू झाल्या की केशवमूर्तींची आमच्या बाजूची खिडकी लागायची. आत्या म्हणाली, ऊन येतं त्यांना. त्या खिडकीवर ऊन कधीच येत नव्हतं, ती उत्तरेला होती. हे आम्हा पाच माणसांना दीड वर्षात सुचलं नाही. आता आठवलं की माझं मलाच शरमल्यासारखं होतं.

शिवाय आम्हाला एक मोठा आधार होता. त्या रस्त्यावर मराठी कोणालाच येत नव्हती. कन्नड आम्ही सगळेच बोलायचो, दुकानात, बसमध्ये, दारावर भाजीवाली आली की. मराठी उंबऱ्याच्या आतली. त्यामुळे घरचं काहीही, कोणाचं पोट बिघडलंय, कोणत्या मावशीनं कोणाला काय म्हटलं, हे सगळं आम्ही उघड्या अंगणात खुशाल बोलायचो. पडदा ओढून बसल्यासारखं वाटायचं. शब्द कळले नाहीत तरी आवाज कळतोच, हे ध्यानात यायला मला लग्नाचं वय व्हावं लागलं.

तर लग्न. मी एकवीस वर्षांची होते. इंटरपर्यंत शिकून टायपिंगची परीक्षा दिली होती. माझ्या मामेबहिणीच्या लग्नात बळेपेटेच्या छत्रात, म्हणजे लग्नाच्या कार्यालयात, मी पंगतीला बसले होते. चित्रान्नाचं पातेलं घेऊन एक तरुण पुढं निघून गेला. मी त्याला हाक मारली, आमच्या घरी मारतात तशी. तो परत आला, पानात दोन डाव चित्रान्न घातलं आणि वाकून म्हणाला, "स्वल्प हळू. नवरा मुलगा दचकला तिकडं."

मला इतका राग आला की दोन दिवस मी त्याच्यावरच धुमसत होते. तिसऱ्या दिवशी लक्षात आलं की आपण दोन दिवस दुसऱ्या कशाचाच विचार केलेला नाही. त्याचं नाव रघुपती. विमानाच्या कारखान्यात नोकरी, चामराजपेटेत घर. मामीनं मध्यस्थी करून स्थळ सुचवलं तेव्हा मी "तुम्ही म्हणाल तसं" असं म्हटलं. आत्या म्हणाली, पोरीचा आवाज बारीक झालाय, म्हणजे पसंत आहे.

रघुपतीचे वडील आप्पाजी तालुका कचेरीतून निवृत्त झालेले, आई सकवारबाई. दोघं येत्या रविवारी मुलाला घेऊन बघायला येणार असं ठरलं. सगळं सुरळीत चाललं होतं. आणि मंगळवारी अण्णा बँकेतून दुपारीच घरी आला, तोंड एवढंसं करून.

"आपल्याला रस्त्यावर काय म्हणतात ठाऊक आहे का?" तो म्हणाला.

झालं होतं असं की सकाळी बसस्टॉपवर केशवमूर्ती भेटले. त्यांनी अण्णाच्या खांद्यावर हात ठेवला आणि धाकट्या भावाला म्हणावं तसं अगदी हळूच विचारलं, "तम्मा, आई बरी आहे ना? कधी काही लागलं तर कितीही वाजता आमच्याकडे ये." अण्णाला काही कळेना. मग बसमध्ये पोस्टमन भेटला, त्याला विचारलं. तो मोकळा माणूस. म्हणाला, तुमच्या घराला नंबर बघावाच लागत नाही, सगळे जगळद मने म्हणतात. म्हणजे भांडणाचं घर.

आम्ही सगळे गार पडलो. आई म्हणाली, "आपण कधी भांडलो?" आणि खरंच कोणाला एकही भांडण आठवेना. आत्यानं आठवायचा फार प्रयत्न केला. मग अण्णानंच सांगितलं, परवा लोणचं फार छान झालंय म्हणून आई आणि आत्या अर्धा तास एकमेकींचं कौतुक करत होत्या ना, तेव्हा समोरच्या घरची माणसं फाटकापर्यंत आली होती. सोडवावं की काय म्हणून.

हसू येण्यासारखं होतं, पण मला हसू येईना. मुलगी बघायला येण्याआधी मुलाकडची माणसं मुलीच्या शेजारीपाजारी चौकशी करतात. आमच्यात हे होतंच. कोणीतरी केशवमूर्तींच्या फाटकाशी जाणार, आणि केशवमूर्ती खोटं बोलणाऱ्यातले नव्हते. भांडणाच्या घरातली मुलगी कोण करून घेईल? मला रघुपतीच हवा होता. आता सांगायला काय हरकत आहे.

मग तिथल्या तिथं बेत ठरू लागला. आई मागच्या पायरीवर डाळ निवडत होती, आत्या व्हरांड्यात, आबा मधल्या खोलीत, अण्णा आणि मी येरझाऱ्या घालत होतो.

"ते आले की सगळ्यांनी हळू बोलायचं," आईनं मागून सांगितलं.

"सरी, तसंच करू," आत्या पुढून म्हणाली. "पण हळू म्हणजे केवढं?"

"शेजारी बोलतात तेवढं."

"तेवढं बोलून समोरच्याला कळायचं कसं?"

"मला हळू जमत नाही," आबा मधूनच म्हणाले. "आत्ताच सांगतो."

हे खरं होतं. आबांचा आवाज म्हणजे सगळ्यांत वरचा. आत्यानं थोडा विचार केला आणि तोडगा काढला. "तू बोलूच नको, प्रताप. घसा बसलाय म्हणून सांगू. गळ्याला मफलर गुंडाळ आणि नुसती मान हलव."

"पोरीचं लग्न ठरतंय, आणि मी बोलू नको?"

"ठरेपर्यंत रे. मग बोल की पाहिजे तेवढं."

आबा "होय की" म्हणाले आणि धोतराच्या सोग्यानं चष्मा पुसत बसले. तो पुसून झाला तरी पुसत राहिले. मला फार वाईट वाटलं, पण मी "राहू द्या, आबा" म्हटलं नाही. म्हणायला हवं होतं.

आता एक गोष्ट तुम्हाला आत्ताच सांगून टाकते, कारण माझ्या पोटात काही राहत नाही. हा सगळा बेत आमच्या घरच्या आवाजात चालला होता, आणि बरोबर त्याच वेळी शेजारच्या फाटकाशी छत्री टेकवून आप्पाजी उभे होते. रविवारच्या आधी एकटेच चौकशीला आले होते. केशवमूर्तींना आमचं बोलणं म्हणजे नुसता कल्लोळ ऐकू येत होता, पण आप्पाजींना मराठी येत होती. मफलरसकट सगळा बेत त्यांनी शब्दन् शब्द ऐकला. आम्हाला हे रविवारपर्यंत कळलं नाही.

रविवारी चार वाजता टांगा थांबला. आई दारात "या" म्हणाली ते मला तिच्या ओठांवरून समजलं. आप्पाजी किडकिडीत, डोळे बारीक आणि सारखे हसणारे. सकवारबाई ठसठशीत, एका हातात पिशवी, दुसऱ्या हातात पंखा. मागून रघुपती, शर्टाच्या बाह्या पुन्हापुन्हा खाली ओढत. वैशाखातली दुपार, आणि आमचे आबा आरामखुर्चीत गळ्याला लोकरी मफलर गुंडाळून बसलेले. कपाळावरून घाम ओघळत होता.

"यांचा घसा बसलाय," आई कुजबुजली.

"अरेरे," आप्पाजी म्हणाले. "कधीपासून?"

"मंगळवारपासून," आत्यानं सांगितलं. तिच्या कुजबुजण्यात एवढी हवा होती की कॅलेंडरचं पान हललं.

"मंगळवारपासून," आप्पाजींनी मान डोलावली. "दुपारनंतर का?"

सकवारबाईंना यातलं काही ठाऊक नव्हतं, नवऱ्यानं बायकोलाही सांगितलं नव्हतं. त्यांचा जीव कळवळला. त्यांनी मला मिरी, जिरं आणि गूळ घालून कषाय करायला सांगितला, तो पितळेच्या लोट्यात भरून आणवला आणि स्वतः समोर उभं राहून आबांना प्यायला लावला. आबांनी एका दमात संपवला. डोळ्यांना पाणी आलं, पण हूं नाही की चूं नाही.

"आणखी एक लोटा द्या की," आप्पाजी म्हणाले. तोही आबांनी प्यायला.

मग केसरीबात आली, खारी बूंदी आली. बोलणं असं काही चाललंच नव्हतं. आई कुजबुजायची, अण्णा कुजबुजायचा, आणि मग सगळे कान टवकारून बसायचे. आप्पाजीही आता आमच्याइतकंच हळू बोलू लागले होते, मजा घेत होते हे मला आता कळतं. ते आबांकडे वळून एकेक प्रश्न विचारत होते. घर स्वतः उभं राहून बांधून घेतलंत ना? आबांनी मान हलवली. गिरणीत तीस वर्षं होता म्हणे? मान. कब्बनपेटेची आठवण येते का? मान.

मी कॉफीचा ट्रे घेऊन दारात उभी होते. तिथून मला आबांचा चेहरा समोर दिसत होता. ते प्रत्येक वेळी आधी आईकडे बघत, मग अण्णाकडे, मग मान हलवत. आम्ही सगळे हळू बोलत होतो, त्यामुळे त्यांना त्या खोलीतला एक शब्दही कळत नव्हता. स्वतःच्या घरात, स्वतःच्या मुलीच्या लग्नाच्या बोलण्यात, माझे आबा परक्यासारखे बसले होते आणि चेहरे बघून अंदाजानं हो म्हणत होते.

"मुलीचे वडील काहीच बोलत नाहीत," आप्पाजी हसत हसत म्हणाले. "या स्थळाला तुमची मर्जी नाही की काय?"

आबांनी छान हसून, जोरात होकारार्थी मान हलवली.

सकवारबाईंचा पंखा थांबला. आप्पाजींचं हसू मावळलं. त्यांनी थट्टेनं विचारलं होतं, हे उत्तर त्यांच्या हिशेबात नव्हतं. रघुपतीनं मान वर करून थेट माझ्याकडे पाहिलं. मला आईचा राग आला, आत्याचा आला, सगळ्यात जास्त माझा स्वतःचा आला. मी ट्रे खाली ठेवला आणि माझ्या रोजच्या आवाजात बोलले.

"आबांच्या घशाला काही झालेलं नाही. त्यांना ऐकू येत नाही. तीस वर्षं मागांत उभं राहून त्यांचे कान गेलेत. हळू बोललेलं त्यांना कळत नाही, आणि स्वतः हळू बोलले तर आपण बोललो की नाही हेही त्यांना कळत नाही. म्हणून आम्ही सगळे ओरडतो. तुम्ही विचारलंत ते त्यांना ऐकूच गेलेलं नाही. त्यांची मर्जी आहे. माझ्याइतकीच आहे."

शेवटचं वाक्य निघून गेलं. रघुपती पुन्हा बाह्या ओढायला लागला, पण कानापर्यंत लाल झाला होता.

ही गोष्ट आमच्या घरात त्या दिवसापर्यंत कोणी उच्चारली नव्हती. कब्बनपेटेतले माग, गिरणीतले माग, हे सगळं खरंच होतं, पण माग सोडून येऊन दीड वर्ष झालं होतं. आबांना कमी ऐकू येतं असं कोणी म्हणायचं नाही, आपापला आवाज दरसाल थोडा वाढवायचा, एवढंच आम्ही करत आलो होतो. ते मी परक्या माणसांसमोर सांगून टाकलं. आईनं पदर तोंडाला लावला.

मी मोठ्यानं बोलले होते, तेव्हा आबांना ते ऐकू आलंच. त्यांनी सावकाश मफलर सोडला, मांडीवर ठेवला.

"ऐकू येतं मला," ते त्यांच्या खणखणीत आवाजात म्हणाले. "स्वल्प कमी येतं."

"ते मला ठाऊक नव्हतं," आप्पाजी म्हणाले. आता ते थट्टा करत नव्हते. "घशाचं ठाऊक होतं. मंगळवारी मी शेजारी चौकशीला आलो होतो. तुमचा सगळा बेत तिथं ऐकला. मला मजा वाटली, म्हणून आज मुद्दाम छळलं तुम्हाला. चुकलं माझं."

आत्या मटकन खाली बसली.

"पण तुमच्या शेजाऱ्यांनी तुमच्याबद्दल एक वाईट शब्द काढला नाही," ते पुढं म्हणाले. "त्यांनी मलाच विचारलं. म्हणाले, तुम्हाला त्यांची भाषा येते, तर विचारून बघाल का, त्या घराला काय दुःख आहे? दीड वर्ष ऐकतोय. मधे पडावं तर घरची गोष्ट. त्यांच्या बायकोला अर्धशिशीचा त्रास आहे. दुपारी खिडक्या लावून, डोक्याला ओला फडका बांधून अंधारात पडून असतात त्या. पण त्याच नवऱ्याला म्हणतात, माझं डोकं राहू द्या, त्या घरातल्या बायका किती सोसत असतील, त्याचं काहीतरी करा."

मला त्या उत्तरेकडच्या खिडकीकडे बघवेना. जिच्याबद्दल आम्ही म्हणत होतो की काहीतरी लपवते, ती बाई डोकं धरून पडल्या पडल्या आमची काळजी करत होती.

"आमचं वठार आहे," आप्पाजी म्हणाले. "एक अंगण, एक नळ, सात घरं, भिंतीला भिंत. मुलीचा आवाज मोठा असला तर मला चालेल. पण पलीकडे कोण आजारी पडलंय हे ज्या घराला दीड वर्ष कळलं नाही, त्या घरची मुलगी आमच्या वठारात कशी राहील? एवढं विचारायला मी आलो होतो. अजून मला उत्तर मिळालेलं नाही."

माणूस रागावून बोलला असता तर मी भांडले असते. ते शांतपणे बोलले, आणि बरोबर बोलले.

"काय म्हणाले?" आबांनी विचारलं.

आईनं तोंड उघडलं आणि उघड्या खिडकीकडे बघून मिटलं. अण्णानंही तसंच केलं. आबांना कळेल इतक्या आवाजात ते सांगायचं म्हणजे शेजारी ऐकू जाणार. शब्द कळले नसते, पण लीलावतम्मांच्या डोक्यात तो आवाज गेलाच असता. आबा आमच्याकडे आळीपाळीनं बघत होते.

मी त्यांच्या खुर्चीशी गुडघे टेकून बसले. त्यांच्या कानाभोवती दोन्ही हातांचा आडोसा केला, तोंड अगदी जवळ नेलं आणि सगळं सांगितलं. बराच वेळ लागला. आमच्या घरात कोणी कोणाच्या इतकं जवळ जाऊन कधी काही सांगितलं नव्हतं, असेल तिथून हाक मारली की काम व्हायचं. आबांच्या श्वासाला मिरीचा वास येत होता. मी हळू बोलत होते, आणि त्यांना सगळं ऐकू येत होतं. मधे दोनदा त्यांनी डोळे मिटले.

माझं सांगून झाल्यावर त्यांनी फक्त विचारलं, "ओला फडका?"

मी मान हलवली.

ते उठले. धोतर नीट केलं, टोपी घातली आणि कोणाकडे न बघता बाहेर पडले. आम्ही सगळे खिडकीशी गेलो, पाहुणेसुद्धा. आबा शेजारच्या फाटकाशी जाऊन थांबले. त्यांनी हाक मारली नाही. कडी हळूच दोनदा वाजवली. केशवमूर्ती हातात वर्तमानपत्र घेऊन लगबगीनं बाहेर आले, चेहरा घाबरलेला. भांडण अखेर रस्त्यावर आलं असंच त्यांना वाटलं असणार.

आबांनी हात जोडले आणि बोलायला लागले. केशवमूर्ती पुढं झुकले, मग आणखी जवळ आले. त्यांनी वर्तमानपत्र काखेत धरून आबांचे जोडलेले हात आपल्या हातात घेतले. लीलावतम्मा आतून येऊन दाराच्या चौकटीला धरून उभ्या राहिल्या. कपाळाला फडका होता.

माझ्या मागं सकवारबाई आईला काहीतरी विचारत होत्या. त्या आता खरंच हळू बोलत होत्या. कुंकवाचा करंडा कुठं आहे, असं त्या विचारत होत्या. आई तो आणायला आत गेली, तिच्या पायांचासुद्धा आवाज झाला नाही.

आप्पाजी माझ्या शेजारी उभे होते. "काय म्हणतायत ते?" त्यांनी विचारलं.

"ऐकू येत नाही," मी म्हटलं, आणि मला रडू कोसळलं. आबांना स्वतःलाही ते ऐकू येत नसणार. तरी ते बोलत होते.